जैनबच्या डाव्या कानाचे नरसाळे

मित्रांनो, दिगंबर मास्तरांना शाळेतून मी घालवले. त्यांची बदली झाली ती माझ्यामुळे. त्या दिवशी मला झालेला आनंद कोणत्याही सज्जन भांड्याला शोभणारा नव्हता.

पण हे तुम्ही वाचलेच नाही असे समजा. तसे काही घडलेले नाही. मास्तर आहेत, शाळा आहे, सगळे ठीक आहे. आपण रीतसर सुरुवात करू.

मी एक जुने नरसाळे आहे. १९३१ साली लोणावळ्याच्या बाजारात, घासलेटच्या रिकाम्या डब्यापासून मी जन्मले. युनूसभाई पत्र्याची कामे करीत. त्यांनी मला कापले, वळवले, कथलाचा डाग देऊन जोडले आणि उन्हात ठेवले. दत्तोबा दुकानदाराकडे घासलेट ओतण्याच्या नोकरीवर मी दुसऱ्या दिवशी रुजू होणार होते. स्थळ चांगले होते. वास घरचाच होता.

युनूसभाईंना जैनब नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. सहाव्या वर्षी तिला गोवर आला आणि जाताना तो ऐकणे घेऊन गेला. उजवा कान पार गेला, डाव्यात थोडे राहिले. त्या दिवशी तिने मला सहज उचलले आणि निमुळते टोक डाव्या कानाला लावले. समोर युनूसभाई पत्रा ठोकत होते. ती दचकली.

"अब्बा," ती ओरडली, "तुमी रोज येवढा दंगा करता व्हय?"

युनूसभाईंच्या हातातला हातोडा खाली पडला. तोही तिला ऐकू आला. मग ते माझ्या रुंद तोंडाशी वाकून हळूच म्हणाले, "जैनब." ती म्हणाली, "काय?" त्यांनी पुन्हा हाक मारली. ती पुन्हा म्हणाली, "काय?" असे तेरा वेळा झाले. चौदाव्यांदा ती वैतागली. दत्तोबांना दुसरे नरसाळे मिळाले.

आता शाळेकडे वळू. शाळा धरणाच्या बाजूच्या एका वाडीत होती. वाडीचे नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा दोष नाही. जैनब त्या शाळेत दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसत होती. दिगंबर मास्तर खुर्चीत बसून, खिडकीकडे तोंड करून शिकवीत. फळ्यावर लिहिले तर खडू झिजतो असे त्यांचे मत होते. जैनबला ना आवाज मिळे, ना अक्षर. मास्तरांनी तिला 'मठ्ठ' ठरवले होते आणि तो विषय संपला होता.

मला कानाला लावून ती पहिल्यांदा वर्गात शिरली तेव्हा मास्तर म्हणाले, "काय गं, पिपाणी घेऊन वरात कुणाची?" सगळा वर्ग हसला. जैनबला ते हसणे ऐकू आले. दोन वर्षांत तिने वर्गात ऐकलेली ही पहिली गोष्ट. मी तेव्हाच मनात नोंद केली. मित्रांनो, नरसाळ्यात काही राहत नाही, वरून ओतले की खाली जाते. माझ्यात फक्त राग राहिला.

तरी जैनब शिकू लागली. महिन्याभरात पाढे झाले, दोन महिन्यांत भूगोल. शेजारी बसणारी शैला मास्तरांचा प्रत्येक शब्द माझ्या तोंडाशी बोलून दाखवी, शिवाय मास्तरांबद्दलचे आपले मतही सांगे. मग एके दुपारी जैनबने मला खुर्चीच्या दिशेने धरले, बराच वेळ ऐकले आणि भर वर्गात विचारले, "मास्तर, ह्यो कंचा धडा? तुमी तर घोरताय."

मास्तर उठले आणि त्यांनी मला तिच्या हातातून ओढून घेतले. "शाळा आहे, सर्कस नाही," ते म्हणाले. "पुन्हा असलं काही आणलंस तर तेही जप्त."

त्या दिवसापासून मला दौतीत शाई भरायला लावले. तीन महिने. ज्या गळ्यातून इंद्रायणी, मुळा, पवना गेल्या, त्यातून निळी शाई! समोर जैनब शेवटच्या बाकावर बसून माझ्याकडे पाहत असे. युनूसभाई मला मागायला आले, तर मास्तर म्हणाले, "डिप्टीसाहेब तपासणीला येताहेत. तुमच्या मुलीला काही येत नाही. नाव कमी करायचा कागद तयार आहे, साहेबांची सही झाली की झालं."

"साहेब, तिला समदं येतंय," युनूसभाई म्हणाले. "ते नरसाळं तेवढं द्या."

"शाई कशाने भरू?" मास्तरांनी विचारले.

जैनबचे शिक्षण या प्रश्नावर अडले होते.

डिप्टीसाहेबांविषयी एक गुपित सांगते. ते स्वतः जवळजवळ ठार बहिरे होते आणि ते कबूल करीत नसत. तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांना हे ठाऊक होते. चार्ज देताना जुना मास्तर नव्याला किल्ल्या देई, हजेरीपट देई आणि हे गुपित देई. त्यामुळे तपासणीची तयारी सोपी होती. मुलांनी ताठ उभे राहायचे, तोंड मोठे उघडायचे आणि न थांबता काहीही बोलायचे. साहेब मान डोलावीत आणि 'उत्तम' असा शेरा लिहीत. दिगंबर मास्तरांना नऊ वर्षे 'उत्तम' मिळाले होते. नऊ वर्षे त्यांनी शिकवलेले कुणाला आले का, हे पाहिले नव्हते.

तपासणीचा दिवस उजाडला. मी टेबलावर, शाईच्या बाटलीशेजारी पडले होते. साहेब खुर्चीत बसले. मास्तर अदबीने त्यांच्या मागे उभे राहिले. साहेबांनी गेणू नावाच्या मुलाला नद्या विचारल्या. गेणूने छाती काढली आणि घरच्या म्हशींची नावे सांगितली. साहेब म्हणाले, "छान."

मग मास्तरांनी कागद पुढे सरकवला. साहेबांनी वाचला, शेवटच्या बाकाकडे पाहिले आणि टाक उचलला.

जैनब उठली. काय लिहिले जातेय हे तिला कुणी सांगितले नव्हते. शैलाने फक्त रडवेल्या तोंडाने कागदाकडे बोट दाखवले होते. जैनब सरळ टेबलापाशी आली. तिने मला उचलले, परकराला पुसले, कानाला लावले आणि रुंद तोंड साहेबांकडे करून म्हणाली, "इचारा."

मास्तर पुढे झाले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले.

"इंद्रायणी कुठे उगम पावते?" साहेबांनी विचारले.

"कुरवंड्याला. म्या बघितलीया. अब्बांसंगं डबे झाळाया गेलते तवा."

साहेबांना अर्थातच काही ऐकू आले नाही. पण त्यांनी एक गोष्ट पाहिली. या मुलीने आधी ऐकले आणि मग तोंड उघडले. इतकी वर्षे त्यांच्यासमोर सगळ्यांनी नुसते तोंडच उघडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

मित्रांनो, मी त्यांच्या कानात गेले. तिथे नऊ वर्षांची शांतता होती.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. जैनबने सांगितले. साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांनी मान डोलावली नाही. ते म्हणाले, "गेणू, नद्या सांग."

गेणूला धोका कळला नाही. "चांद्री," तो म्हणाला, "बोरी, शिंगमोडी, तिचं रेडकू, आनि मामाची काळी."

"काळी कुठे मिळते?"

"गोठ्यात."

मास्तर मागेच उभे होते. त्यांनी घाबरून सवयीप्रमाणे वाकून वर्गाला हलक्या आवाजात सांगितले, "तोंड मोठं उघडा रे, थांबू नका. म्हाताऱ्याला ढिम्म ऐकू येत नाही!"

मी त्या क्षणी मागे वळलेले होते. साहेबांनी मला वळवले होते, माझा यात हात नाही. मला हात नाहीत. पण ते वाक्य मी एकही अक्षर न सांडता आत पोचवले. इतके मन लावून मी कधी काही ओतले नव्हते.

साहेब उठले. त्यांच्या कानाभोवती निळे वर्तुळ उमटले होते. जैनबच्याही. वर्गात फक्त त्या दोघांनाच नीट ऐकू येत होते, हे कुणालाही दिसले असते.

त्यांनी नाव कमी करण्याचा कागद फाडला आणि जैनबला चौथीत घातले. मास्तरांची बदली अशा गावी केली की जिथे शाळाच नव्हती, ती त्यांनी आधी बांधायची होती. मात्र आपल्याला हे सगळे कसे कळले, ते साहेबांना अहवालात लिहिता येईना. म्हणून त्यांनी लिहिले, 'पुरावा म्हणून सोबत नरसाळे एक.' आणि मला घेऊन गेले.

युनूसभाईंनी त्याच संध्याकाळी जैनबला दुसरे नरसाळे करून दिले. ते माझ्याहून हलके आहे म्हणे. त्याला गंज चढो. नको, चढू नये. जैनब पहिल्या बाकावर बसून सातवी झाली, असे इथला शिपाई सोपान एकदा म्हणाला.

मी अजून कचेरीच्या कपाटात आहे. मी शैक्षणिक साधन की घासलेटचे भांडे, यावर निर्णय व्हायचा आहे. तोवर सोपान मला कागदांवर वजन म्हणून ठेवतो. मी घरंगळते, कागद उडतात, तो मला शिव्या देतो. त्याचीही नोंद आहे.

मित्रांनो, वर्गात मागे कुणी गप्प बसत असेल तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी जवळ जाऊन बोला. त्याच्या हातातले साधन हिसकावू नका. साधन मनात धरते.

आता माझा अर्ज.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार नरसाळे एक, मुक्काम कपाट, याचा विनंती अर्ज ऐसा जे: जैनब युनूस ही शेवटच्या बाकावर दोन वर्षे काही न ऐकता बसली, ती दोन वर्षे तिची सरकारकडे येणे आहेत. सबब सदर दिगंबर मास्तरांनी त्या मुदतीत वर्गात उच्चारलेला प्रत्येक शब्द, पहिल्या दिवसापासून, क्रमाने, उभे राहून, माझ्यामार्फत तिच्या डाव्या कानात पुन्हा बोलावा. जांभया वगळू नयेत. मध्ये सुट्टी देऊ नये. काम पुरे झाल्यावर तिला सर्व कळले किंवा कसे ते विचारावे, आणि ती 'पुन्हा' म्हणाल्यास पुन्हा सुरू करण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती.