कपाटाचं डावं दार

सकाळी सहाच्या सुमाराला कपाटाचं डावं दार आपोआप उघडायचं. करकर न्हाई, धक्का न्हाई, कुणीतरी हळूच ओढावं तसं. वीरेशची लिंगपूजेची वेळ सहाचीच. डाव्या कप्प्यात पूजेचं सामान ठेवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण कपाट जोडून संपलं त्याच संध्याकाळी त्याच्या छातीत कळ आली अन् सगळा खेळ आटोपला. त्याला पाच महिने झाले.

कपाट मोबाईलवरून मागवलेलं, चपट्या खोक्यात फळ्या-फळ्या होऊन बीदरला आलेलं. नणंद म्हणाली, असलं झेंगट घरात ठेवूच नको, भंगारात दे. नेत्रावतीला ते पटेना. नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम कुणी भंगारात देतं होय? अन् खरं सांगायचं तर तिला भ्यावही वाटत होतं. दार कामून उघडतंय, हे फक्त तिलाच ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटायचं.

त्या दिवशी वीरेशच्या गळ्यात लिंगायतानं जन्मभर बाळगायचं इष्टलिंग नव्हतं. लिंगाची चांदीची डबी, करडगी, दवाखान्यात न्हाई, घरात न्हाई. जनवाड्याच्या शेतात पुरायचा खड्डा तयार, रीतीप्रमाणं त्याला मांडी घालून बसवलेलं, अन् स्वामींनी हातात द्यायला लिंग मागितलं. लिंगाविना गेला म्हटलं की चार लोकं चार बाजूंनी बोलणार. नेत्रावतीनं पदराआड स्वतःची करडगी उघडली, स्वतःचं लिंग काढलं अन् नवऱ्याचंच म्हणून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ तर मातीखाली झाकली गेली. तेव्हापासून बाई गळ्यात रिकामी करडगी घालून फिरत होती अन् लिंग धरायच्या रिकाम्या तळहाताची पूजा करत होती.

आता हा रोज दार उघडून आपलं लिंग मागतोय, अशी तिची खात्री झाली. तरी माणसाचं मन मोठं लबाड. बिजागरीच ढिली असंल म्हणून ती मल्लिकार्जुनअण्णाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

आधी तिनं फुलीच्या तोंडाचा पेचकस घेतला. पेच आवळले, तरी सकाळी दार उघडलं. अण्णा म्हणाला, ही भुशाची फळी, मशीन लावू नका, भोक मोठं होतंय. काडीपेटीच्या काड्या डिंकात बुडवून भोकात घाला अन् हातानंच आवळा. तेही केलं, दार उघडलं. मग जमीन उतरती असंल म्हणून पाणसळ नेली. कपाटावर ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध उभा, कुठं कलायचं नाव न्हाई. नेत्रावतीनं पाणसळ पदरात गुंडाळली अन् पुन्हा दुकानाची वाट धरली.

चौथ्या खेपेला अण्णा हसला. “अक्का, माझ्यासमोर दुकान टाकायलाव का काय?”

मग गंभीर होऊन म्हणाला, बूड ढिलं असलं की दार ताठ राहत न्हाई, खालची फळी खोलून बघा. ती खोलायला षटकोनी चावी लागते. खोक्यातली चावी त्या दिवसापासूनच गायब होती, अन् माप तर नेमकं हवं. नेत्रावतीनं घरी येऊन कणकेचा गोळा पेचाच्या डोक्यात दाबला, ठसा घेतला अन् गोळा वाटीत घालून दुकानात नेला. अण्णानं चावीमागून चावी कणकेच्या त्या षटकोनी उंचवट्याशी लावून बघितली. पाचवी जुळली.

दुपारी तिनं खालची फळी उचलली. आत पोकळीत भुसा, शेवटचा पेच आवळून फटीतून आत पडलेली ती षटकोनी चावी अन् तिच्याशेजारी वीरेशची करडगी. घामानं दोरा टोचतोय म्हणून त्यानं गळ्यातून काढली असणार, बुडात ठेवली असणार, अन् वरून फळी आवळून मोकळा झाला असणार. लिंग कधी अंगावेगळं करू नये, हे त्याला का ठाऊक नव्हतं? नेत्रावती तिथंच बसून खूप रडली. रडता रडता त्याला दोन शिव्याही घातल्या.

फळी परत आवळली. अंघोळ करून विभूती लावली, त्याचं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. पाच महिन्यांनी हाताला वजन लागलं.

“तुमचं माझ्यापाशी, माझं तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “आता निवांत बसा.”

दुसऱ्या दिवशी ती सहाच्या आधीच कपाटासमोर येऊन बसली. सहा वाजले. सव्वासहा झाले. दूधवाला येऊन गेला, चहावर साय धरली. दार मिटलेलं ते मिटलेलंच. हेच तर पाहिजे होतं तिला, यासाठीच तर दुकानाचा उंबरा झिजवला.

सात वाजता ती उठली, पेचकस घेतला अन् बिजागरीचे पेच दोन-दोन फेरे ढिले केले. दार खाली झुकलं, पण उघडलं न्हाई.

तिनं आणखी दोन फेरे ढिले केले अन् पुन्हा समोर बसली.