खिळ्यावरची डावी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. जोड नव्हे, एकटीच, डाव्या पायाची. शहागंजातल्या एका कारागिराने मला जाड चामड्यातून कापले, खाली टायरचा तळ ठोकला आणि तेल पाजून उन्हात ठेवले. मला आशाबाईंनी विकत घेतले. शेंद्र्याच्या एका कारखान्यातल्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. नवी होते तेव्हा मी इतकी करकरत असे, की बाई येण्याआधी त्यांची चाहूल पोहोचायची.

एके दिवशी माझी जोडीदारीण कँटीनच्या दारातून कुत्र्याने पळवली. मी उकिरड्यावरच जायची, पण त्याच आठवड्यात फकिरा नावाच्या हमालाला फीट आली. कुणीतरी मला त्याच्या नाकाशी धरले. थोड्या वेळाने झटके थांबले. "गुणाची चप्पल हाय," सगळे म्हणाले. आशाबाईंनी मला प्रथमोपचार पेटीशेजारी खिळ्याला अडकवले. पेटीला कुलूप होते आणि किल्ली ऑफिसात. मला कुलूप नव्हते. मीच खरे औषध, असे मला वाटू लागले.

मग या उन्हाळ्यातली ती दुपार आली. जेवणाची सुट्टी होती. असेंब्लीत नुकताच लागलेला सार्थक जेवता जेवता ताठ झाला आणि बाकावरून खाली कोसळला. ताट फरशीवर घणघणत राहिले. त्याचे हातपाय झटके देऊ लागले, तोंडातून फेस आला.

"चप्पल आणा रे, चप्पल!"

फोरमन बद्रीनाथ यांनी मला खिळ्यावरून ओढले आणि त्याच्या नाकावर दाबले. दोघांनी त्याचे हात धरले. स्टोअरचे मोहियोद्दीनभाई चमचा घेऊन वाकले. "मुंह में डालो रे, जबान कट जाती."

मित्रांनो, तेव्हा त्याच्या सर्वांत जवळ मी होते. त्याचे ओठ निळसर पडत होते. श्वास मला लागत नव्हता. आणि मी त्याच श्वासाच्या वाटेत आडवी पडले होते.

"काका, चप्पल काढा. हात सोडा त्याचे."

ही श्रेया. गेल्या वर्षीच बीएस्सी होऊन तपासणी विभागात लागलेली. कंपनीच्या प्रथमोपचार प्रशिक्षणात तिने इतके प्रश्न विचारले होते, की शिकवणाऱ्यांचा चहा गार झाला होता.

"अगं पोरी, ह्याच चप्पलनं फकिरा उठला होता," बद्रीनाथ म्हणाले.

"तो तसाही उठला असता, काका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात."

त्यांनी मला बाजूला घेतले, पण सोडले नाही. श्रेयाने फोनवर वेळ मोजायला सुरुवात केली आणि बाक दूर सरकवला.

"चमचा ठेवा, मोहियोद्दीनभाई. दात तुटून घशात जाईल."

"और जबान?"

"जिभेची जखम भरते. श्वास अडकला तर काय भरणार?"

भाईंनी चमचा खाली ठेवला, गळ्यातला रुमाल काढला आणि घडी करून सार्थकच्या डोक्याखाली सरकवला. श्रेयाने कॉलरचे बटण सोडले.

"याला आधी कधी आली होती का?"

कुणालाच माहीत नव्हते.

"मग १०८ लावा. आत्ताच."

तीन मिनिटे झाली. चार झाली. झटके थांबेनात.

"आपोआप थांबतं म्हणली व्हतीस ना?" बद्रीनाथ म्हणाले. "काय झालं पोराला तर त्याच्या आईला तू सांगशील का?"

श्रेयाने फोनवरची वेळ पाहिली. क्षणभर तिची नजर माझ्याकडे वळली आणि मला वाटले, आता हीसुद्धा मला मागणार. मला तिथून पळावेसे वाटले; पण एकट्या चपलेला कुठे पळता येते?

"पाच मिनिटं होऊन गेली," ती म्हणाली. "गाडीवाल्यांना सांगा, झटके अजून चालू आहेत. गर्दी हटवा. दार उघडं ठेवा."

कँटीनच्या दाराला स्प्रिंग आहे. उघडले की आपटते. आशाबाईंनी बद्रीनाथांच्या हातातून मला काढून घेतले.

"आना इकडं. हिला कामाला लावते."

त्यांनी मला दाराखाली ठोसून बसवले. दार थांबले. तिथून मला दिसले, सार्थकचे झटके हळूहळू ओसरत होते. श्रेयाने त्याला कुशीवर वळवले. तोंडातला फेस बाहेर ओघळला. मग घशात घरघर झाली आणि छाती हलली. वर, खाली. पुन्हा वर.

कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. "पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही," श्रेया म्हणाली. या वेळी तो ग्लास बद्रीनाथांनीच मागे सारला.

१०८ची गाडी आली. स्ट्रेचर माझ्याजवळून आत गेले आणि सार्थकला घेऊन बाहेर पडले. दार एकदाही मध्ये आले नाही.

सार्थक आता गोळ्या घेतो आणि कामावर येतो. माझ्या खिळ्याला पेटीची किल्ली टांगलेली असते. त्या किल्लीचा मला हेवा वाटत नाही. मी दाराशी असते, धुळीत.

मित्रांनो, तुमच्यासमोर कुणाला फीट आली, तर माझ्यासारखीला शोधत बसू नका. त्याला दाबू नका, तोंडात काही घालू नका. घड्याळ पाहा, कुशीवर वळवा आणि मदत बोलवा. एवढे करूनही तुमच्या हातात चप्पल उरलीच, तर ती दाराखाली लावा. वाट मोकळी राहील.