कुणी लिहिलंय हे?

डोंबिवलीच्या त्या घरात माणसं दोनच. सुमेधाताई आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान, त्र्यंबकराव. सोबतीला म्हणाल तर मोबाइल. नवऱ्याला भरवून झालं, कूस बदलून दिली, की धाप लागलेल्या सुमेधाताई तो हातात घेत आणि ‘आपली माणसं’ या घरच्या ग्रुपवर आलेलं काहीतरी पुढे ढकलत. संसार, सोशिकपणा, म्हातारपणी धरलेले हात, सगळं लांबलचक आणि गोड. कुणी लिहिलेलं असे देव जाणे. लोक हात जोडत, फुलं टाकत. तेवढ्यावर त्यांचा दिवस निभावून जाई.

नवरात्रात मात्र अंगातलं बळच सरलं. चादर बदलताना त्र्यंबकराव पलंगावरून घसरायला लागले. त्यांना कसंबसं वर ढकलताना सुमेधाताईंच्या पाठीत अशी कळ आली, की त्या खाली फरशीवरच बसल्या. रडूही येईना. बसल्या जागी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मी थकले आहे. आज यांना सावरताना मनात आलं, सोडून द्यावं. पडले तर पडले. मला माझीच भीती वाटते. कुणीतरी या. चार दिवस मला झोपू द्या."

पाठवलं आणि लगेच पुन्हा वाचून पाहिलं. नवऱ्याबद्दल असं लिहायचं म्हणजे काय! पण निदान कुणी धावून तरी येईल.

वर लेकीने, अंतराने टाकलेली टेंभी नाक्याच्या देवीचा फोटो होता. खाली कुणाचे तरी साबुदाणा वडे आले. मधे हे गाऱ्हाणं.

पहिलं उत्तर धाकट्या दिरांचं, आनंदभावजींचं. "हृदयस्पर्शी." पुढे जोडलेले हात.

मग शहाडची नणंद, वैशाली. "वहिनी, डोळ्यांत पाणी आलं. आमच्या भिशीच्या ग्रुपवर पण पाठवलं. कुणी लिहिलंय गं?"

मग ठाण्याहून अंतरा. "आई, सणासुदीला असलं निगेटिव्ह नको ना पाठवू."

सुमेधाताईंना संताप आला, पण तो काढायचा कुणावर? वर्षानुवर्षं लोकांचं आयतं दुःख पुढे ढकललं ते त्यांनीच. आता स्वतःचं कुणाला ओळखू येणार?

त्यांनी लिहिलं, "मी लिहिलंय. आत्ताच. मला उठता येत नाहीये."

सगळ्यांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. मग अंतराचा फोन आला.

"आई, ते डिलीट कर आधी. सगळे वाचतायत. बाबांबद्दल असं..."

"वाचू देत. तू येतेस का?"

"आज कशी येऊ? ऑफिस आहे गं. शनिवारी नक्की येते."

"ये शनिवारी," सुमेधाताई शांतपणे म्हणाल्या. "मी इथेच असेन, फरशीवर."

थोड्या वेळाने पलीकडे किल्ल्यांचा आणि दार ओढल्याचा आवाज आला, मग रिक्षावाल्याला विचारणारा अंतराचा, "डोंबिवली, येणार का?" फोन तिने चालूच ठेवला होता.