शत्रूच्या फौजेतला उदयसिंह

अप्पासाहेबांनी फेट्याचा शेव खोवला, आरशात पाहिलं आणि सगळा फेटा सोडून पुन्हा बांधायला घेतला. तीनचा खेळ होता आणि स्नेहलतागंजातून टॉकीजपर्यंत पायीच जायचं होतं. सिनेमाला निघालेला माणूस एवढा नटतो का, असं लक्ष्मीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासरे हो म्हणाले हेच नवल, उगाच फाटे कशाला फोडा, म्हणून ती दाराशी चपला घालून गप्प उभी राहिली.

काल तिनं धीर करून विषय काढला होता.

"इतक्या वर्षांनी लागलाय, आणि उद्या शेवटचा दिवस आहे, मामंजी. परवापासून दुसरा सिनेमा लागतोय. हा परत कधी येईल, काय भरोसा?"

अप्पासाहेब अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. घरात उदयसिंहाचा एकही फोटो नव्हता. त्यांचा मुलगा, तिचा नवरा, जो काही उरला होता तो त्या सिनेमात.

"किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या सिनेमाशी या घराचं वाकडं होतं. मध्यभारत राज्य अजून व्हायचं होतं, होळकरांची पागा अजून पागा होती, तेव्हा एक सिनेमा कंपनी महूच्या बाजूच्या टेकड्यांवर लढाई घ्यायला आली. तिला पागेतले स्वार मिळाले, त्यांत उदयसिंहही. पण लढाईला फौजा लागतात दोन, आणि स्वार तर तेवढेच. मग सकाळी जे मराठे, तेच दुपारी दाढ्या चिकटवून बादशहाचे शिपाई. उदयसिंह सकाळी भाला घेऊन मागे लागायचा आणि दुपारी स्वतःपासूनच जीव घेऊन पळायचा. घरी येऊन हे सांगताना त्याला हसू आवरत नसे. सिनेमात नेमका त्याचा दुपारचाच भाग राहिला.

अप्पासाहेबांना चौकात कुणीतरी सांगितलं, तुमचा उदय पाठ दाखवून पळाला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर काढलेलं घर. दाढी खोटी, लढाई खोटी, हे लक्ष्मीनं परोपरीनं सांगून पाहिलं. पण पाठ तर खरी होती ना! त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. त्याच वर्षी विषमज्वरानं उदयसिंह गेला. तो खाटेला खिळलेला असताना अप्पासाहेबांनी वैद्य आणला, डॉक्टर आणला, धावपळ केली, पण त्याच्या उशाशी येऊन एक शब्द बोलले नाहीत. बोलायला पुढे वेळ आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

टॉकीजमध्ये बायकांची जागा वर, पडद्याआड. दिवे मालवले की तो पडदा सरकवायचा. खाली अंधारात लक्ष्मीला सासऱ्यांचा फेटा तेवढा ओळखू येत होता, आणि त्यांच्या मागे बसलेल्यांना फेट्याखेरीज काहीच दिसत नसावं.

"ओ दादाजी, साफा उतारो ना! कुछ दिखता नहीं!"

फेटा जागचा हलला नाही.

लढाई सुरू झाली. पांढऱ्या पायांची घोडी टेकडी उतरून आली, वर उदयसिंह. दाढी असली म्हणून काय झालं? डावा खांदा किंचित पुढे काढून बसायची ती बैठक अप्पासाहेबांनीच त्याला शिकवलेली. लक्ष्मीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. तो पळाला. पाठीत भाला बसला. गडगडत खाली आला आणि पालथा पडला. खाली टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला.

आणि फेटा उभा राहिला.

"ऊठ!" एवढ्या गोंगाटातही अप्पासाहेबांचा आवाज वरपर्यंत आला. "ऊठ, उदय! ऊठ, पोरा!"

समोर सिनेमाच्या पडद्यावर, एका कोपऱ्यात, मेलेला शिपाई उठला. त्यानं गुडघ्यांवरची धूळ झटकली, घोडीचा लगाम धरला आणि आरामात बाजूला निघून गेला. कंपनीकडून तेवढा तुकडा कापायचा राहून गेला होता. थेटर पोट धरून हसलं. ते दर खेळाला हसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लक्ष्मीही हसली होती. आज मात्र तिला रडू कोसळलं. कोण कुठला तो कापणारा! त्याच्या विसराळूपणाला तिनं तिथल्या तिथे, अंधारात, हात जोडले.

खेळ सुटला. अप्पासाहेब फाटकाशी उभे होते. गालांवरचं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"पाहिलंस, सूनबाई?"

"पाहिलं."

"मी म्हटलं, आणि उठला. माझं ऐकलं गं त्यानं."

लक्ष्मीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो, मामंजी. ऐकलं."

ते मान हलवत राहिले. मग धोतराचा सोगा सावरून तिकिटाच्या खिडकीकडे वळले.

"तू हो पुढे. सहाचा पाहून येतो मी." दोन पावलं जाऊन ते थांबले. "मघाशी हाक मारायला मला जरा उशीरच झाला."