हशाची वाट पाहणारे दोघे

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये श्रीपाद ओगले हा एकमेव विनोदी नट होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. नोकरी पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये, इन्स्पेक्शन इंजिनिअरची. पण मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की धोतर सुटणारा सासरा किंवा बहिरा पोस्टमन तोच. भुवया इतक्या उडवायचा की त्याची बायको विभावरी म्हणायची, "एक दिवस त्या वरच राहतील हं."

२००५ च्या जानेवारीत त्याच्या शेजारी राहणाऱ्या फिओनाकडे तिचे वडील राहायला आले. फिओना आणि तिचा नवरा स्कॉटलंडचे. वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. नाव आर्ची बेअर्ड, वय एकाहत्तर, कान मोठे आणि चेहरा आत्ताच वाईट बातमी ऐकल्यासारखा. पहिल्याच भेटीत त्यांनी श्रीपादला सांगून टाकलं की आपण सिनेमात काम करतो.

"ज्या देशात सिनेमागृहच नाही तिथे येऊन सांगतायत," विभावरी म्हणाली. "हुशार आहेत."

पण आर्चींनी बॅगेतून डीव्हीडी आणल्या होत्या. पुढच्या शुक्रवारी ते ओगल्यांच्या सोफ्यावर पोह्यांची बशी घेऊन बसले आणि पहिला सिनेमा लागला. पाऊण तास झाला तरी पडद्यावर त्यांचा पत्ता नाही.

"There he is!" ओगल्यांची आठवीतली मुलगी क्षितिजा ओरडली. "ओह. No, that's a horse."

"आता येतो," आर्ची म्हणाले. "आता… गेलो. तुमची पापणी लवली असणार."

दुसऱ्या सिनेमात ते पोस्टाच्या रांगेत चौथे होते. श्रीपादने शेजारधर्म म्हणून टाळी वाजवली. तिसऱ्यात मात्र ते दीपगृहाचे म्हातारे राखणदार होते, बायको नुकतीच वारलेली. पाहुणा येतो, हे टेबलावर तीन कप मांडतात, मग तिसऱ्याकडे पाहून म्हणतात, "सवय." आणि नुसते समोर बघत राहतात. विभावरी चहाचं बघते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"हे कसं केलंत?" श्रीपादने विचारलं.

"चुकून," आर्ची म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वीस वर्षं ते समुद्रकाठच्या गावांमधून विनोदी कार्यक्रम करत फिरले होते. खोटं नाक, आखूड झगा, मोडकी खुर्ची. लोक पोट धरून हसायचे. मग घरोघरी टीव्ही आला, थिएटरं एकेक करून बंद झाली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना दीपगृहवाल्याचं ते छोटंसं काम मिळालं.

"मला वाटलं, 'सवय' हा विनोद आहे. म्हणून तो टाकला आणि रंगमंचावर थांबायचो तसा हशासाठी थांबलो. कॅमेऱ्यामागे कुणी हसेना. मी वाट पाहतोय, वाट पाहतोय. दिग्दर्शक डोळे पुसत आला आणि म्हणाला, हे तुम्ही कुठे शिकलात? त्यानंतर मला फक्त विधुर, न्यायाधीश आणि मुलीला निरोप देणारे बाप मिळाले. विनोदी काम एकही नाही."

"वाईट वाटलं असेल."

"भयंकर. अजून वाटतं," आर्ची म्हणाले आणि त्यांनी पोहे परत मागितले.

पुढच्याच महिन्यात श्रीपादच्या कंपनीने कामगारांसाठी सुरक्षेची फिल्म करायचं ठरवलं. गॅस न तपासता टाकीत उतरणाऱ्या सुपरवायझरची भूमिका अर्थातच श्रीपादकडे आली. कॅमेरा ट्रेनिंग विभागातल्या हैदराबादी हुसेनमियाँकडे होता. श्रीपादने परवानगी काढून आर्चींनाही नेलं, एका कलावंताचं काम दुसऱ्याने पाहावं म्हणून.

वाक्य एकच होतं, "पाँच मिनट का काम है, टेस्ट की क्या ज़रूरत?" श्रीपादने ते म्हणताना भुवया उडवल्या, हेल्मेट गरगर फिरवलं आणि टाकीच्या तोंडाशी घसरायचा अभिनय केला.

"ओगलेसाब, ज़रा कम करो," हुसेनमियाँ म्हणाले.

सहाव्या वेळीही तेच. घामाघूम श्रीपाद आर्चींपाशी येऊन बसला.

"विनोद चांगला आहे," आर्ची गंभीरपणे म्हणाले. "फक्त तुम्ही स्वतःच आधी हसता. वाक्य म्हणा आणि हात खाली ठेवून हशाची वाट पाहा. येईलच हशा."

श्रीपादने तसंच केलं. वाक्य म्हटलं आणि समोर उभ्या असलेल्या कामगारांकडे पाहिलं. त्यांना फिल्म चालू असताना आवाज करायचा नाही अशी सक्त ताकीद होती. कुणी हूं की चूं केलं नाही. श्रीपाद वाट पाहत राहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, तरी तो आशेने बघतच राहिला. मग वळला आणि टाकीत उतरला.

"खलास," हुसेनमियाँ हलक्या आवाजात म्हणाले. "यही चाहिए था."

फिल्म ट्रेनिंग हॉलमध्ये चारशे कामगारांना दाखवली. श्रीपाद शेवटच्या रांगेत हशा ऐकायला बसला होता. टाकीतून त्याला बाहेर काढून पांढरी चादर घातली तेव्हा हॉलमध्ये खोकल्याचाही आवाज नव्हता. दिवे लागल्यावर शंकर नावाचा निजामाबादचा फिटर थेट त्याच्याकडे आला आणि त्याचा हात धरून उभा राहिला.

"साब, आप ठीक हैं ना?"

"अरे, वो तो ॲक्टिंग था."

"मालूम है साब," शंकर म्हणाला, पण हात सोडेना. "मेरा भाई ऐसेच गया था. हँस के गया था."

दुसऱ्या दिवशी टाकीच्या कामावर शंकरने गॅस तपासायचा मीटर मागवला आणि तो येईपर्यंत माणसं अर्धा तास बाहेर बसवून ठेवली. फोरमन चिडला तरी तो हलला नाही.

आर्ची मार्चच्या शेवटी परत गेले. एप्रिलमध्ये मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम झाला. श्रीपाद धोतर सावरत, भुवया उडवत रंगमंचावर आला. प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांनी प्लांटमध्ये ती फिल्म पाहिली होती. पहिल्या रांगेतल्या मुग्धा साठे त्याला पाहताच म्हणाल्या, "अगं बाई, बिचारे!" आणि त्यांनी रुमाल काढला. धोतर सुटलं तरी कुणी हसलं नाही. उलट दोघं धावत आले आणि त्यांनी त्याला खुर्ची दिली.

श्रीपादने स्कॉटलंडला फोन लावला. "तुम्ही माझं वाटोळं केलंत," तो म्हणाला आणि त्याने सगळा प्रकार सांगितला. पलीकडे असा काही हसण्याचा गडगडाट झाला की तो शेजारी बसलेल्या विभावरीलाही ऐकू आला.

कंपनीने त्या वर्षात आणखी चार फिल्म काढल्या. श्रीपाद शिडीवरून पडला, वाफेने भाजला, क्रेनखाली सापडला आणि एकदा नुसताच उन्हाने गेला. मंडळाने पुढच्या नाटकात त्याला मुलीच्या बापाची भूमिका दिली. त्याने ती तोंड पाडून स्वीकारली.

"तोंड तसंच ठेव," विभावरी म्हणाली. "छान दिसतं."