परक्या बोलीची नोंद

कोशाच्या कचेरीत 'काही' या शब्दाला बंदी होती. ती नानांनीच घातलेली. 'काही अभ्यासकांच्या मते' असं कुणी लिहून आणलं की नाना चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "काही म्हणजे कोण? नाव टाका, नाहीतर वाक्य काढा." पुढे त्याची थट्टाच झाली. "काही लोक चहाला चाललेत," असं कुणी म्हटलं, की आजूबाजूच्या टेबलांवरून आवाज यायचा, "नाव टाका!"

नाना भाषाविभागाचे संपादक. नव्या आवृत्तीचा खंड आज छापायला जायचा होता आणि त्यांच्या टेबलावर एकच नोंद अडून बसली होती: मध्ययुगीन फ्रान्समधल्या यहुद्यांची बोली. जुन्या आवृत्तीत ती स्वतंत्र नोंद होती आणि तिच्याखाली लेखिकेची आद्याक्षरं होती. लेखिका म्हणजे नानांची बायको. कोशात तिने लिहिलेली ही एकुलती एक नोंद. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता ही नोंद फ्रेंच भाषेच्या मोठ्या नोंदीत विलीन केली, तर आद्याक्षरंही जाणार. विलीन नोंदीला सही नसते, हा नियम.

वाद जुना होता. लॅटिनमधून जिथे जिथे नव्या भाषा फुटल्या, तिथले यहुदी आजूबाजूच्यांसारखंच बोलत आणि ते आपल्या हिब्रू लिपीत लिहीत. इटलीत यहुदी-इटालियन, फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये यहुदी-प्रोव्हान्सी; ही नावंही बहुतेक अभ्यासकांनी मागाहून ठेवलेली. स्पेनमधून हाकललेल्यांची बोली परमुलखात वाढली, तिच्या वेगळेपणाबद्दल फारसं कुणी भांडत नाही. उत्तर फ्रान्सचं तसं नव्हतं. तिथून उरलं थोडंच, आणि त्यातलं बरंचसं म्हणजे धर्मग्रंथांच्या टीकांमधले सुटे शब्द. अवघड हिब्रू शब्द समजावा म्हणून टीकाकार रोजच्या बोलण्यातला शब्द देत आणि सोबत लिहीत, 'लाझ'. म्हणजे परकी बोली. ज्या बोलीत मूल निजवायचं, बाजार करायचा, भांडायचं, तिला कागदावर म्हणायचं परकी.

यावर नवराबायकोची स्वयंपाकघरात जुंपायची.

"व्याकरण शेजाऱ्यांचं, शब्द शेजाऱ्यांचे," नाना म्हणत. "लिपी बदलली म्हणून भाषा बदलत नाही."

"मग धर्मग्रंथ वाचायला निराळं क्रियापद का? लॅटिनमधून फुटलेल्या यहुद्यांच्या कितीतरी बोलींत ते आहे. शेजाऱ्यांकडे नाही."

"एका क्रियापदावर संसार होत नाही."

"एका नवऱ्यावर होतो, तर क्रियापदानंच काय घोडं मारलंय?"

बोलताना ती चमच्याने टेबलाच्या कडेवर ठेका धरायची. चिडली की 'अहो'चं 'संपादकसाहेब' व्हायचं. "संपादकसाहेब, जेवण वाढलंय. स्वतंत्र नोंद समजून या." शेवटी नानांनी नोंद मान्य केली होती, पटली म्हणून नव्हे, दमले म्हणून.

ती गेल्यावर नानांच्या हाती येणारा जवळजवळ प्रत्येक नवा लेख नानांच्याच बाजूचा निघू लागला. असा लेख वाचून ते घरी यायचे, दारातच "ऐक गं" म्हणायचे आणि मग चपला काढायला लागायचे. वाद ते जिंकत चालले होते. हरायला समोर कुणी नव्हतं.

दुपारी मुख्य संपादक मॅडमनी त्यांना बोलावलं. खोलीत मुद्रितशोधकही होता. बुटका आणि गोल, म्हणून कचेरीत त्याला अनुस्वार म्हणत.

"नाना, टिपण तुमचंच आहे," मॅडम म्हणाल्या. "'विलीन करावी.' मग खाली सही का नाही?"

"दुसरी बाजू ऐकायची राहिलीय."

"कुणाची?"

नाना सरळ बोलूच लागले. क्रियापदाचं सांगितलं. मग म्हणाले, "त्यांनी बोलीला स्वतःचं नाव दिलं नाही, म्हणून ती वेगळी नाही, असं आपण म्हणतो. पण त्यांच्या लेखी पवित्र भाषा एकच, हिब्रू. उरलेलं सगळं परकं. त्यात कधी हाकलतील याचा नेम नाही. अशा माणसानं कोणत्या तोंडानं म्हणायचं, ही माझी बोली? परकी म्हटलं, हाच तिच्या वेगळेपणाचा पुरावा." त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर ठेका धरत होतं. ते लक्षात आल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतला.

"नाना, तुम्ही तर कट्टर विरोधी पक्ष!" अनुस्वार म्हणाला.

"दुसऱ्या पक्षाकडून बोलणारं माणूस आज गैरहजर आहे."

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "ठेवायची असेल तर ठेवा नोंद. इतक्या वर्षांत तुम्ही कधी काही मागितलं नाहीत."

नानांनी टिपण पुढे ओढलं. नुसतं 'ठेवा' म्हटलं की झालं असतं. पण दयेने राखलेली नोंद तिने स्वतःच्या हाताने खोडली असती, आणि वर 'संपादकसाहेब' म्हणून जेवायला वाढलं असतं.

"विलीन करू," ते म्हणाले आणि सही केली.

फ्रेंच भाषेच्या नोंदीत आता एक परिच्छेद घालायचा होता. तो लिहून त्यांनी अनुस्वारपुढे सरकवला. शेवटचं वाक्य होतं, 'काही अभ्यासक ही स्वतंत्र भाषा मानतात.'

अनुस्वारने मान वर न करता सवयीने विचारलं, "काही म्हणजे कोण?" आणि जीभ चावली. "नाना, राहू दे. या वेळी चालेल."

"का चालेल?"

नानांनी कागद ओढून घेतला. 'काही अभ्यासक' खोडलं आणि तिथे तिचं नाव लिहिलं. आद्याक्षरं नव्हेत, पूर्ण नाव. दवाखान्याच्या कागदांनंतर ते त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. 'मानतात'चं 'मानत' केलं आणि पुढे 'असत' जोडलं. मग, आज काय मानतात तेही कोशात लागतंच म्हणून, आणखी एक वाक्य लिहिलं: 'हे मत आता मागे पडले आहे.'

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. स्वयंपाकघरात त्यांनी परिच्छेदाची प्रत तिच्या खुर्चीसमोर ठेवली.

"आता बोल," ते म्हणाले.

'मागे पडले'वर ती उसळली असती, एवढं नक्की. पण काय म्हणाली असती? दुपारी तिची बाजू घडाघडा मांडणाऱ्या नानांना इथे तिचं एक वाक्य सुचेना. त्यांनी चमचा उचलून टेबलाच्या कडेवर वाजवून पाहिला. जरा वेळाने तो धुतला, पुसला आणि एकट्याचं ताट वाढून घेतलं.