सा वर यायची घाई

दोन वर्षांपूर्वी थोरल्या अंजूच्या लग्नात सदाशिवरावांनी स्वतः चाल लावलेलं मंगलाष्टक म्हटलं आणि सगळा घोळ झाला. ओळी चारच. पण गडी सेलूत किराणा विकता विकता पेटी शिकलेला. ओळ संपली की सा वर येऊन धपकन बसायचा. पहिली ओळ बसली, लोकांना वाटलं झालं, निम्म्यांनी अक्षता टाकल्या. दुसरी बसली, उरलेल्यांनी टाकल्या, आणि बँडवाल्यांनी बँड वाजवायला सुरुवात केली. अंजूचं नाव चौथ्या ओळीत होतं. ते कुणाच्या बापालाही ऐकू आलं नाही. खऱ्या ‘सावधान’ला मांडवभर मुठी रिकाम्या, सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत, आणि अंजू मान खाली घालून उभी.

आता धाकट्या आचलचं लग्न निघालं. तिनं सरळ सांगून टाकलं, यावेळी भटजीच काय ते म्हणतील. सदाशिवरावांना जेवण गोड लागेना. शेवटी पोरीलाच दया आली. ताईनं हो म्हटलं तर म्हणा, म्हणाली. घ्या! जिची फजिती केली तिच्यापुढंच परीक्षा.

अंजू आर्वीहून आली. दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी तांदळाच्या पोत्यावर पेटी मांडली आणि अगदी नवी चाल ऐकवली. मुरक्या काय, ताना काय, मध्येच कोमल निषाद. अंजूनं नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाली, पहिली ओळ पेटीशिवाय गुणगुणून दाखवा. सदाशिवरावांना जमेना. स्वतःचीच चाल, अन् स्वतःच्याच ध्यानात नाही!

मग तिनं जुनी वाजवायला लावली. ग प ध प, एवढंच तिचं मूळ. पोळ्या लाटताना ती अजून आपल्या तोंडात येते, असं अंजू म्हणाली तेव्हा त्यांना खरंच वाटलं नाही.

“चाल चांगलीच होती, बाबा. पण तुमी दर ओळीले सा वर, घरी येता. लोकाइले वाटते, संपलं. यखांदी ओळ दारात उभी ठेवा न.”

मग बापलेक कामाला लागले. पहिली ओळ प वर सोडली. दुसरीत तेच चार सूर एक पायरी वर चढवले आणि तिथंच थांबवले. तिसरीत नुसता अर्धा तुकडा, दोनदा, घाईघाईनं. सवयीनं बोट सा कडे घसरायचं, तर अंजूनं त्या पट्टीवर आपला हातच ठेवला. चौथ्या ओळीला तो काढला. सा लागला आणि सदाशिवरावांच्या अंगावर काटा आला. चार सुरांत एवढं होतं, आणि आपण उगाच बाजार मांडून बसलो होतो, असं त्यांना वाटलं.

लग्नात पहिली ओळ संपली, एकही अक्षता पडली नाही. दुसरीला बँडवाल्यानं टिपरू उचललं, ते हवेतच राहिलं. तिसरीला लहान पोरंसुद्धा मुठी आवळून उभी. चौथीत आचलचं नाव खणखणीत वाजलं, सा आला, ‘सावधान’ झालं आणि अक्षतांचा सडा पडला.

सदाशिवरावांची मूठ मात्र मिटलेलीच. ते माइक सोडून आचलच्या मागं गेले. तिथं अंजू करवली म्हणून दिवा घेऊन उभी होती. सगळ्या अक्षता त्यांनी तिच्या डोक्यावर टाकल्या.

“बाबा, नवरी तिकडं हाय न.”

“ठाऊक हाय. ह्या तुह्या हायेत. राह्यल्या होत्या.”

अंजूनं पुन्हा मान खाली घातली. केसांतल्या अक्षता मात्र तिनं झटकल्या नाहीत.